गुळाच्या गांवांत उपासमार

कोल्हापूर शहराच्या उत्तरेस, पंचगंगेच्या कांठीं, कसबा बावडा हें गांव आहे. आतां तें शहराच्या हद्दींतच मोडतें. तरी नदीच्या बाजूस उतरूं लागलें म्हणजे अद्याप उसाचे फड लागतात. ज्या राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याच्या उंचीकडे पावसाळ्यांत साऱ्या जिल्ह्याचे डोळे लागलेले असतात, तो बंधारा येथलाच. पाणी ३९ फुटांवर गेलें म्हणजे इशारा आणि ४३ फुटांवर गेलें म्हणजे धोका, हें गणित येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतें. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखानाही याच गांवचा. कोल्हापुरी गुळाला २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु त्याची कीर्ति त्यापूर्वींच्या कित्येक पिढ्यांची आहे. साखर आणि गूळ यांवांचून ज्या मुलखाची ओळख पुरी होत नाहीं, त्या मुलखांतलें हें गांव. अशा गांवीं, खाऊनपिऊन सुखी अशा एका घरांत, एक अकरा वर्षांचा मुलगा उपासमारीनें मरतां मरतां वांचला. ही हकीकत आमच्या डोळ्यांदेखत घडली आणि तींत आमचाही कांहीं दोष आहे. म्हणून घरच्या मंडळींच्या परवानगीनें व नांवें गाळून या महिन्याच्या सदरांत तीच सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पौष महिन्यांत आमचे एक जुने स्नेही अण्णा यांच्या आग्रहावरून आम्ही चार दिवस त्यांच्याकडे राहावयास गेलों होतों. सतरा माणसांचें एकत्र कुटुंब. चूल एक, देवघर एक, आणि शेवटचा शब्द वहिनींचा. अण्णांच्या धाकट्या मुलाचा मुलगा दीड वर्षापासून मधुमेहानें आजारी होता. प्रौढांना होतो तो मधुमेह वेगळा आणि मुलांना होतो तो वेगळा, एवढें आम्हांस माहीत होतें. पण पोरगा हसतमुख होता, घरांत कोणी त्या गोष्टीची वाच्यता करीत नव्हतें, आणि पाहुण्यानें कोणाच्या घरच्या दुखण्याची चौकशी करूं नये, अशा भिडेनें आम्ही गप्प राहिलों. त्या भिडेची किंमत पुढें दिसून आली.

एके दिवशीं सकाळीं घरांतील सगळीं मुलें घेऊन आम्ही जवळच्या एका गुऱ्हाळावर गेलों. गुऱ्हाळ म्हणजे मुलांची पंढरीच. इकडे घाण्यांतून रसाची धार पडत होती, तिकडे मोठ्या काहिलींत आधण रटरटत होतें. भेंडीचा चिकट रस टाकून वर आलेली मळी गडी काढून टाकीत होते, आणि गुळव्या पाकाकडे टक लावून उभा होता. खालीं चुलवणांत वाळलेल्या चिपाडांचा जाळ चालला होता. एका चुणचुणीत मुलीनें विचारलें, "काका, उसाचा रस आटवायला उसाचीच चिपाडें जाळतात, मग आपण गूळ खाल्ला म्हणजे तोही पोटांत असाच जळतो का?"

प्रश्न मोठा नामी होता. आम्ही तेथेंच चिपाडांच्या ढिगावर बसलों आणि सांगूं लागलों. तो आमचा अकरा वर्षांचा श्रोता अगदीं जवळ टेकून बसला होता. तो दोनदां पाणी पिण्यासाठीं उठला, दोनदां आडोशाला जाऊन आला, आणि मग डोकें आमच्या खांद्यावर टेकून राहिला. त्याच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. "पेरू खाल्लास काय रे?" असें आम्हीं विचारलें. त्यानें मान हलवून 'नाहीं' म्हटलें. आम्ही हंसलों आणि पुढें सांगूं लागलों. वाचकहो, देहांत अन्न कसें जळतें हें आम्ही त्या मुलास सांगत होतों, आणि त्या क्षणीं त्याच्या देहांत अन्न जळत नव्हतें, हें सांगणारा वास आमच्या नाकाशीं असतां आम्हीं तो ओळखला नाहीं.

त्या दिवशीं मुलांना जें सांगितलें, तें येथें थोडें विस्तारानें सांगतों. कारण पुढील हकीकत त्यावांचून समजणार नाहीं.

अन्न देहांत जळतें ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. जाठराग्नि हा शब्दच तिची साक्ष देतो. युरोपांत अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हॉझिए व लाप्लास या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं एका लहान प्राण्यास बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेवून त्याच्या उष्णतेनें बर्फ किती वितळतें तें मोजलें, आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचें मंद ज्वलनच होय असें दाखविलें. कोळसा प्राणवायूशीं संयोग पावून कर्बवायु होतो, तसेंच अन्नाचें होतें. मात्र एक मोठा फरक आहे. चुलवणांत चिपाड टाकलें कीं त्यांतील सारी शक्ति एका भडक्यांत उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. देहांत असा भडका उडाला तर आपला कोळसाच व्हावयाचा! म्हणून देह तीच शक्ति पायरीपायरीनें, मूठमूठभर काढून घेतो. प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन, चौकीदारासारखें उभें असतें. त्याच्यावांचून ती पायरी उतरतां येत नाहीं.

उसाची साखर पोटांत फुटून तिच्या दोन लहान साखरा होतात. त्यांतील मुख्य ती ग्लुकोज. भाताचें, भाकरीचें, बटाट्याचें पीठही शेवटीं ग्लुकोजच होतें. ग्लुकोजच्या एका रेणूंत कर्बाचे सहा अणु असतात. रक्तांतून ती पेशींत शिरली म्हणजे प्रथम दहा पायऱ्यांनीं तिचे तीन-तीन कर्बांचे दोन तुकडे होतात. या कामास प्राणवायु लागत नाहीं. पण मिळकतही तुटपुंजी असते. देहांतील शक्तीचें चलनी नाणें म्हणजे एटीपी नांवाचा रेणु. हृदयाचा ठोका असो वा डोळ्याची पापणी असो, प्रत्येक कामाचें मोल याच नाण्यांत चुकतें होतें. पहिल्या दहा पायऱ्यांनंतर पदरीं निव्वळ दोन नाणीं पडतात. खरी कमाई पुढें आहे.

पेशीच्या आंत तंतुकणिका नांवाचीं सूक्ष्म गुऱ्हाळें असतात. तीन कर्बांचा तुकडा तेथें गेला म्हणजे त्यांतील एक कर्ब कर्बवायु होऊन निघून जातो व दोन कर्बांचा उरतो. हा उरलेला तुकडा एका वाहकाच्या पाठीवर बसून येतो. त्या जोडीला अ‍ॅसेटिल कोएन्झाइम ए असें भारदस्त नांव आहे. नांव विसरलें तरी चालेल. दोन कर्बांची ओंजळ एवढें लक्षांत ठेवावें. कारण साखर असो, तूप असो वा डाळींतील प्रथिन असो, त्यांचा मोठा भाग कोणत्या ना कोणत्या वाटेनें शेवटीं याच चक्राच्या दारीं येऊन ठेपतो.

आतां आमच्या वाचकांनीं विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढें आणावा. माळेंतील रिकामें गाडगें खालीं जातें, भरून वर येतें, पन्हळांत पाणी ओततें, आणि पुन्हां रिकामें होऊन खालीं जातें. पेशींतील रिकामें गाडगें म्हणजे चार कर्बांचें एक आम्ल; त्याचें नांव ऑक्झॅलोअ‍ॅसेटिक आम्ल. त्यांत दोन कर्बांची ओंजळ पडली कीं सहा कर्बांचें सायट्रिक आम्ल होतें. लिंबाला आंबटपणा देणारें आम्ल तें हेंच. १७८४ सालीं शेले या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञानें तें लिंबाच्या रसांतून प्रथम वेगळें काढलें. रसवंतीवर आपण उसाच्या रसांत लिंबू पिळून घेतों, तेव्हां या रहाटाच्या दोन टोकांचे पदार्थ एकाच पेल्यांत असतात! पुढें आठ पायऱ्यांत हें गाडगें फिरतें. वाटेंत दोन कर्ब कर्बवायु होऊन बाहेर पडतात, एक नाणें थेट हातीं लागतें, आणि हायड्रोजनच्या चार जोड्या काढून घेतल्या जातात. शेवटीं तेंच चार कर्बांचें आम्ल परत येतें, पुढच्या ओंजळीसाठीं रिकामें. आपण उच्छ्वासावाटे जो कर्बवायु सोडतों, त्याचा मोठा भाग या रहाटावरच निर्माण झालेला असतो.

काढून घेतलेले हायड्रोजन वाया जात नाहींत. त्यांचे विद्युत्कण एका हातांतून दुसऱ्या हातांत, अशा वाहकांच्या रांगेवरून शेवटीं प्राणवायूला जाऊन मिळतात व पाणी तयार होतें. या उतरणीवर जी शक्ति सुटते, तिच्यावर एटीपीची टांकसाळ चालते. एका ग्लुकोजपासून सरतेशेवटीं सुमारें ३० ते ३२ नाणीं मिळतात. पहिल्या दोहोंशीं ताडून पाहावें म्हणजे प्राणवायूची थोरवी कळेल. आणि हें चलन सांठवून ठेवण्याचें नव्हे. देहांत कोणत्याही क्षणीं तें फार थोडें असतें. पण तेंच पुन्हां पुन्हां मोडून व घडवून, दिवसभरांत माणूस जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकें एटीपी उलाढालींत आणतो. म्हणून हा रहाट थांबला तर थोड्याच वेळांत सारें थांबतें.

हा रहाट प्रथम ओळखणारा मनुष्य स्वतःच घरांतून हुसकलेला होता. हान्स क्रेब्ज हा जर्मनींतील ज्यू वैद्याचा मुलगा; १९३२ मध्यें त्यानें देहांत युरिया कसा बनतो याचें चक्र शोधून काढलें, आणि १९३३ मध्यें नाझी राजवटीनें केवळ वंशावरून त्यास नोकरींतून काढून टाकलें. केंब्रिजच्या जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांनीं त्यास आश्रय दिला. पुढें शेफील्ड येथें विल्यम जॉन्सन या विद्यार्थ्यासह काम करीत असतां १९३७ सालीं त्यानें या चक्राचा उलगडा केला. साधन काय, तर कबुतराच्या छातीचा बारीक केलेला स्नायु. उडणाऱ्या पक्ष्याचा हा स्नायु प्राणवायु अधाशासारखा घेतो, म्हणून त्याची निवड. त्या स्नायूंत थोडेंसें सायट्रिक आम्ल घातलें कीं त्या आम्लाच्या स्वतःच्या ज्वलनाला लागेल त्याहून कितीतरी अधिक प्राणवायु खर्च होई. याचा अर्थ तें आम्ल जळून संपत नव्हतें, पुन्हां पुन्हां तयार होऊन कामास येत होतें. हंगेरीच्या सेंट-ज्यॉर्जी यांनीं आणि इतरांनीं या मार्गाचे कांहीं तुकडे आधींच दाखविले होते; ते जोडून वर्तुळ पुरें केलें तें क्रेब्जनें. त्यानें ही वार्ता 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकाकडे धाडली, तों आपल्याकडे सात-आठ आठवडे पुरतील इतकीं पत्रें सांचलीं आहेत असें उत्तर आलें! लेख अखेर हॉलंडमधील दुसऱ्या नियतकालिकांत छापला गेला. १९५३ सालीं त्याच कार्याबद्दल क्रेब्जला नोबेल पारितोषिक मिळालें. कोएन्झाइम ए शोधणारे लिपमन हे त्याचे वांटेकरी होते.

या कथेंत एका मराठी घराचाही भाग आहे, आणि तो आमच्या वाचकभगिनींना ठाऊक असावा असें आम्हांस वाटतें. दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी कमलाबाई, ज्या पुढें डॉ. कमला सोहोनी म्हणून प्रसिद्धीस आल्या, त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ सालीं मुंबई विश्वविद्यालयाची पदवी घेऊन कमलाबाईंनीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागितला, तेव्हां तेथील संचालक सर सी. व्ही. रामन यांनीं त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणानें नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहींत. शेवटीं एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांस घेण्यांत आलें, आणि त्यांचें काम पाहून पुढें त्या संस्थेचीं दारें इतर मुलींनाही उघडलीं. नंतर त्या केंब्रिजला, क्रेब्जला आश्रय देणाऱ्या त्याच हॉपकिन्सच्या विभागांत गेल्या. तेथें रॉबिन हिल यांच्या हाताखालीं बटाट्यावर काम करीत असतां वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हा पदार्थ असतो असें त्यांनीं दाखविलें. वर विद्युत्कण हातोहात पुढें देणारी जी रांग सांगितली, तींतलाच हा एक हात. कबुतराच्या छातींत चालतो तसलाच कारभार बटाट्यांत, म्हणजे उसाच्या कांड्यांतही चालतो, या एकत्वाचा एक दुवा एका मराठी मुलीनें जोडला. १९३९ सालीं त्यांस केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं आयुष्य वेंचलें तें गोरगरिबांच्या अन्नांतील पोषणाच्या अभ्यासांत.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं.

गुऱ्हाळावरून आल्यावर मुलगा जेवला नाहीं. वहिनींनाही तो वास जाणवला होता. त्या करड्या आवाजांत म्हणाल्या, "काकांबरोबर गेला होतास ना? तिथें गूळ हाणला असशील! तरीच तोंडाला गोड वास येतोय. सांग, खाल्लास कीं नाहीं?" पोरानें रडत रडत देवाची शपथ घेतली. त्यानें गुळाचा कण तोंडांत घातला नव्हता, हें आम्ही सांगूं शकत होतों व आम्हीं सांगितलेंही. पण पाहुणा भीड घालतो आहे असें समजून वहिनींनीं तें कानामागें टाकलें. संध्याकाळीं त्याला वांत्या झाल्या. पोट दुखतें म्हणूं लागला. अपचन समजून ओवा दिला गेला. रात्रीं दहाच्या सुमारास त्याचा श्वास जोरानें व खोल चालूं लागला, जणु लांबवरून धांवत आलेला आहे, आणि हांक मारली तरी तो अर्धवटच डोळे उघडी.

तेव्हां त्याची आई, जी चार दिवसांत आमच्यापुढें दोन शब्दही बोलली नव्हती, ती माजघरांतून उठून बाहेर आली आणि सासऱ्यांपुढें उभी राहून म्हणाली, "मामंजी, गाडी काढायला सांगा. याला आत्तां दवाखान्यांत न्यायचें आहे. सुई बंद आहे त्याची." सगळे स्तब्ध झाले. मग एकेक उलगडत गेलें. दोन आठवड्यांपूर्वीं कोणा ओळखीच्यानें एक काढा दिला होता आणि तो लागू पडण्यासाठीं इन्सुलिनची सुई बंद ठेवावी असें सांगितलें होतें. रोज पोराच्या दंडांत व पोटांत सुया टोंचलेल्या पाहून वहिनींचा जीव तुटत असे. त्यांनीं मायेपोटीं तो सल्ला मानला. मुलाचा बाप नोकरीसाठीं पुण्यास. सुनेला तें पटलें नव्हतें. परंतु घरांत शब्द चालेना, आणि मन तर राहवेना. म्हणून ती रात्रीं सारीं निजल्यावर चोरून फ्रीजमधून औषध काढी व निम्मीशिम्मी मात्रा टोंची. त्यावर मुलगा कसाबसा तग धरून होता. मग आम्ही आलों. तिची खोली पाहुण्यांस दिली गेली. ती मुलाला घेऊन माजघरांत सर्वांमध्यें निजूं लागली, आणि एकांत मिळेना. दोन रात्री ती चोरटी सुईही चुकली.

शहरांतील रुग्णालयांत पोंचेपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं. डॉक्टरांनीं श्वासाचा वास घेतला, रक्त व लघवी तपासली, आणि शिरेवाटे पाणी, क्षार व इन्सुलिन देण्यास आरंभ केला. पहांटे अण्णांनीं त्यांस विचारलें, "रक्तांत एवढी साखर, आणि तुम्ही म्हणतां मुलगा उपाशी आहे. हें कसें?" हा प्रश्न सबंध घराचाच होता, त्याचें उत्तर आमच्या रहाटांत आहे.

इन्सुलिन हा स्वादुपिंडांत तयार होणारा रस. साखर रक्तांतून स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत शिरण्याचें दार त्यावांचून उघडत नाहीं. मुलांच्या मधुमेहांत इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा शरीराच्या स्वतःच्या संरक्षक यंत्रणेकडूनच नाश झालेला असतो. तो कांहीं गोड खाण्यानें होत नाहीं, आणि त्यांत मुलाचा वा आईचा कसलाही अपराध नसतो. इन्सुलिन नसलें म्हणजे रक्तांत साखरेचा पूर, आणि पेशींच्या दारीं दुष्काळ. ती साखर लघवीवाटे वाहूं लागते, बरोबर पाणी ओढून नेते. म्हणून तहान, म्हणून वारंवार उठणें, म्हणून वजन घटणें. पेशी उपाशी आहेत असें जाणून देह मेद मोडूं लागतो. इन्सुलिनचा एक मोठा उपयोग मेदाच्या कोठाराला कुलूप घालणें हाही आहे. तें कुलूपच गेल्यामुळें मेद सैरावैरा बाहेर पडतो आणि यकृतांत त्याच्या दोन-दोन कर्बांच्या ओंजळींचा लोंढा येतो.

आतां रहाटाकडे पाहा. ओंजळी पुष्कळ, पण त्या घेण्यास चार कर्बांचीं रिकामीं गाडगीं पाहिजेत. यकृत तर उपाशी देहासाठीं नवी साखर बनवावी या समजुतीनें तींच गाडगीं माळेंतून काढून त्या कामास लावीत असतें. मग ओंजळी पडावयाच्या कोठें? त्या एकमेकींशीं जुळून कीटोन नांवाचे पदार्थ होतात. विहिरीवर पाणी आहे, पण माळेंत गाडगीं नाहींत, तेव्हां कांठाला चिखल होतो, तसेंच हें. या कीटोनांपैकीं दोन आम्लें आहेत. त्यांनीं रक्त आंबटतें, आणि तें आम्ल उडवून लावण्यासाठीं श्वास खोल व जलद होतो. तिसरा अ‍ॅसिटोन, तो श्वासावाटे निसटतो, आणि त्याचा वास पिकून गेलेल्या फळासारखा असतो. गुळाचा तो गोड वास, ज्यावरून त्या लेकरानें बोलणीं खाल्लीं, तो चोरीचा नव्हता, भुकेचा होता.

१९२१-२२ पर्यंत या रोगाच्या मुलाला मरणाची वाट पाहण्यापलीकडे मार्ग नव्हता. टोरोंटो येथें बँटिंग, बेस्ट व त्यांचे सहकारी यांनीं इन्सुलिन वेगळें काढलें आणि जानेवारी १९२२ मध्यें तें चौदा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलास प्रथम दिलें, तो वांचला. तेव्हांपासून आजवर सुईला किंवा सुईसारख्याच दुसऱ्या साधनानें इन्सुलिन आंत सोडण्याला पर्याय म्हणून कोणताही काढा, कोणतेंही पथ्य वा कोणताही नवस टिकलेला नाहीं. काढ्याबद्दल आमचें वैर नाहीं. परंतु जी वस्तु देहांत उरलीच नाहीं, ती बाहेरून देणें म्हणजे औषध नव्हे, तें अन्नच होय. अन्न कोणी पंधरा दिवस बंद करून पाहील काय?

एक शंका येथेंच निवारतों. एकादशीचा कडक उपास करणाऱ्यांच्या देहांतही थोडे कीटोन होतात. निरोगी माणसानें त्यांस भिण्याचें कारण नाहीं. त्याच्या रक्तांत थोडें तरी इन्सुलिन असतें, मेदाच्या कोठाराचें दार किलकिलेंच राहतें, आणि त्या कीटोनांवर त्याचा मेंदू व हृदय खुशाल निर्वाह करतात. जेथें इन्सुलिन मुळींच नाहीं, तेथें मात्र तेंच विष होतें. तसेंच या रहाटाचे चौकीदार व वाहक स्वतः कांहीं जीवनसत्त्वांवर अवलंबून असतात. पहिल्या व दुसऱ्या ब जीवनसत्त्वावांचून आणि नायसिनवांचून गाडगीं अडतात. असडीक तांदूळ, डाळी, शेंगदाणे, दूध, पालेभाज्या यांचें आपल्या ताटांतलें स्थान केवळ चवीसाठीं नाहीं, हें यावरून ध्यानीं येईल.

ज्या घरीं असें मूल आहे, त्यांनीं पुढील गोष्टी कोठें तरी लिहून ठेवाव्या. मूल जेवलें नाहीं, आजारी पडलें, तरी इन्सुलिन सर्वस्वीं बंद करावयाचें नसतें. मात्रा किती ती डॉक्टरांना विचारावी. अतिशय तहान, वारंवार लघवी, ओकाऱ्या, पोटदुखी, फळासारखा श्वास, खोल जलद श्वास व गुंगी, यांतील लक्षणें दिसूं लागतांच रक्तांतील साखर व कीटोन पाहावे आणि उजाडण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. आणि ज्या घरीं असा रोग ठाऊक नाहीं, तेथेंही चांगलें खाणारें मूल अकस्मात् रोडावूं लागलें, रात्रीं पुन्हां पुन्हां पाण्यास उठूं लागलें, तर जंत झाले, दृष्ट लागली असें म्हणून दिवस घालवूं नयेत. रक्ताची एक तपासणी करावी.

चौथ्या दिवशीं मुलगा उठून बसला व त्यानें भात मागितला. वहिनी उशाशीं होत्या. त्या त्याच्या केसांवरून हात फिरवीत बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग सुनेकडे न पाहतां म्हणाल्या, "सुई किती वाजतां द्यायची असते, तें मला लिहून दे. मी विसरणार नाहीं." सुनेनें कागद घेतला आणि लिहून दिलें. एवढेंच झालें, क्षमा मागितली गेली नाहीं आणि मागावी अशी कोणाची अपेक्षाही दिसली नाहीं. एकत्र कुटुंबांत पुष्कळशा चुका मायेनें होतात, आणि त्या निस्तरल्याही जातात त्या अशाच, एखाद्या कागदाच्या चिटोऱ्यावर.

आमची चूक मात्र आम्ही स्वच्छ लिहून ठेवतों. मूल आजारी आहे हें ठाऊक असून, भीड म्हणून आम्हीं त्याच्या आईला एक शब्द विचारला नाहीं. विचारला असता तर तिला तो सांगण्यास अवघड गेला नसता, असें तिनेंच मागाहून आम्हांस सांगितलें. आणि चुलवणाशेजारीं बसून देहांतल्या अग्नीवर व्याख्यान देतांना, खांद्यावर टेकलेल्या त्या डोक्याकडे आम्हीं वळून पाहिलें नाहीं. निघण्यापूर्वीं त्या मुलानें आम्हांस विचारलें, "काका, तुम्ही त्या रहाटाचें सांगत होतां, तें मला नीट ऐकूं आलें नाहीं. पुन्हां सांगाल?" आम्ही गाडी चुकविली आणि त्याच्या खाटेवर बसून पहिल्यापासून सारें सांगितलें. हा लेख म्हणजे बव्हंशीं तेंच सांगणें होय.